पंक्तीकडून मेजाकडे : उडपी उपाहारगृहाची सामाजिक कथा

दक्षिणेतील वैष्णव मंडळींत एक जुने वचन रूढ आहे. पंढरीचा विठ्ठल हा नादब्रह्म, तिरुपतीचा वेंकटेश हा कांचनब्रह्म आणि उडुपीचा कृष्ण हा अन्नब्रह्म. पहिल्या क्षेत्री टाळमृदंगाचा घोष, दुसऱ्या क्षेत्री सुवर्णाची रास आणि तिसऱ्या क्षेत्री केळीच्या पानावर वाढलेला वाफाळता भात, अशी ही वाटणी आहे. आपल्या मराठी बोलीत मात्र या तिसऱ्या क्षेत्राच्या नावाला निराळाच अर्थ चिकटला. ‘उडपी’ म्हटले की मराठी माणसाच्या मनात देव उभा राहत नाही, गावही उभे राहत नाही. उभे राहते ते रस्त्याच्या कोपऱ्यावरचे एक उपाहारगृह : संगमरवरी तुकड्याची मेजे, गल्ल्यावर बसलेला मालक, त्याच्या डोक्यावर हार घातलेली कृष्णाची तसबीर आणि चार पैशांत पोटभर मिळणारे इडली-सांबार. ग्रामनामाचे असे सामान्यनाम होणे ही भाषेतील साधी घटना नव्हे. एखाद्या मठाचे स्वयंपाकघर हजारो पायांनी चालत गावोगावच्या चव्हाट्यावर येते, तेव्हाच असे घडते. हे कसे घडले, आणि या प्रवासात आपल्या समाजातील पंक्तीचे काय झाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम पदार्थांची प्राचीनता पाहू. इडली आणि डोसा हे पदार्थ उडपी हॉटेलवाल्यांनी निर्माण केलेले नाहीत. इसवी सनाच्या दहाव्या शतकात शिवकोट्याचार्यांनी रचलेल्या ‘वड्डाराधने’ या कन्नड गद्यग्रंथात ‘इड्डलिगे’ हा शब्द येतो. अकराव्या शतकातील चावुंडराय याच्या ‘लोकोपकार’ या ग्रंथात उडीद ताकात भिजवून, वाटून, त्यात मसाल्याचे जिन्नस घालून हा पदार्थ करण्याची रीत सांगितली आहे. पुढे शके १०५१ मध्ये, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा विश्वकोशासारखा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात ‘इडरिका’ आणि ‘धोसक’ हे पदार्थ आढळतात. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा ग्रंथ निराळ्या कारणाने परिचित आहे, कारण त्याच्या गीतविनोदात मराठी पद्यपंक्ती आल्या आहेत, आणि आपल्या भाषेच्या प्रारंभकाळाचा पुरावा म्हणून त्यांचा उल्लेख आपण करीत आलो. एकाच राजाच्या एकाच ग्रंथात मराठी गीताची ओळ आणि इडली-डोशाचे पूर्वज शेजारी शेजारी नांदतात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कल्याणीचे राज्य कन्नड की मराठी, या वादात शिरण्याचे आपल्याला प्रयोजन नाही. त्या राजाच्या मुदपाकखान्याला तो प्रश्न पडला नव्हता एवढे पुरे.

तेव्हाची इडरिका केवळ उडदाची होती. तांदूळ आणि उडीद एकत्र वाटून रात्रभर आंबविण्याची आजची रीत त्यानंतरच्या काळातील आहे. आंबविण्याची कला कोकणालाही परकी नव्हती. सांदण, आंबोळी, गोव्याकडील सान्न ही सारी याच कुळातील भावंडे होत. तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यात आमटीला चिंचेची जोड मिळाली आणि संभाजीच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले, ही कथा अनेकांच्या तोंडी असते. ती ऐकावयास गोड असली तरी दंतकथेच्या पलीकडे जात नाही. मराठ्यांच्या दक्षिणेशी असलेल्या संबंधाला अशा कथेचा टेकू लागत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला, एवढी एक गोष्टसुद्धा आपल्या पूर्वजांना आहारशास्त्राचे किती अगत्य होते ते सांगण्यास समर्थ आहे.

पदार्थ जुना, पण दुकान नवे, हा या कथेचा खरा मर्मबिंदू आहे. शिजवलेले अन्न पैसे देऊन, परक्याच्या हातचे, परक्याच्या शेजारी बसून खाणे ही गोष्ट आपल्या समाजात फार उशिरा रुजली. प्रवासी माणूस शिधा बरोबर नेई, धर्मशाळेत चूल मांडी, नात्यातल्या वा जातीतल्या घरी उतरे, किंवा अन्नछत्रात आपल्या जातीच्या पंक्तीला बसे. अन्न कोणी शिजविले आणि ते कोणाच्या शेजारी बसून खाल्ले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत माणसाची सारी सामाजिक प्रतिष्ठा साठविलेली होती. म्हणूनच १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेच्या सभासदांनी ख्रिस्ती भटारखान्यातला पाव एकत्र बसून खाणे हा बंडखोरीचा विधी मानला. म्हणूनच १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेला एक पेला चहा न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना ग्रामण्याच्या आणि प्रायश्चित्ताच्या प्रकरणात ओढून गेला. आगगाडीच्या फलाटावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या हाका त्यानंतरही कित्येक वर्षे ऐकू येत होत्या. ज्या समाजात एक घोट चहा हा वादाचा विषय होतो, त्या समाजात सार्वजनिक उपाहारगृह निघावे तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर उडुपीच्या मठांत सापडते. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी उडुपीस कृष्णमूर्तीची स्थापना केली आणि तिच्या पूजेसाठी आठ मठांची व्यवस्था लावली. हे आठ मठ पाळीपाळीने देवाची पूजा करतात. या पाळीला ‘पर्याय’ म्हणतात. सोळाव्या शतकात सोदे मठाच्या वादिराजस्वामींनी पर्यायाची मुदत दोन वर्षांची केली, असे परंपरा सांगते. पूजेबरोबरच येणाऱ्या यात्रेकरूंना भोजन घालणे हे पर्यायाचे मुख्य कर्तव्य. पर्यायापूर्वी दीर्घकाळ तांदूळ साठविणे, लाकडाच्या मोळ्या रचणे, भाज्यांची तजवीज करणे ही कामे मुहूर्ताने सुरू होतात. शेकडो वर्षे दररोज शेकडो पाने वाढण्याचा हा अभ्यास ज्या समाजाच्या अंगवळणी पडला, त्या शिवळ्ळी ब्राह्मणांत आचाऱ्याची विद्या कुलपरंपरेने आली यात नवल नाही. मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक करावा, तो ठराविक वेळी व्हावा, चव रोज सारखी यावी, कांदा-लसूण नसावे आणि चातुर्मासातील वर्ज्यावर्ज्य काटेकोर पाळावे, ही शिस्त त्यांनी मठात कमावली. पुढे तीच बाजारात भांडवल म्हणून उपयोगी पडली. कारण आचारी ब्राह्मण असेल तर त्याच्या हातचे कोणालाही चालत असे. परक्या शहरात ज्याला स्वतःचे घर नाही, अशा सोवळ्या गृहस्थाच्या मनातली शंका ‘उडपी’ या एका शब्दाने नाहीशी होत असे.

विद्या होती, पण घर सोडून जाण्याची गरज कशामुळे पडली? दक्षिण कन्नड जिल्हा हा सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळा, पावसाने धुऊन निघणारा पट्टा आहे. भाताची शेती थोडी, कुटुंबे मोठी आणि जमिनीवर खंडाचा बोजा, अशी तेथील स्थिती होती. १७९९ नंतर हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि मद्रास इलाख्यात राहिला. १९०७ साली मंगळूर लोहमार्गाने मद्रासशी जोडले गेले, तर मुंबईस जाण्यासाठी किनाऱ्यावरून आगबोटी होत्याच. १९२३ च्या महापुराने या जिल्ह्यात शेतीवाडीची मोठी हानी केली, आणि पूर्वीपासून सुरू असलेल्या स्थलांतराला त्याने जोर आणला. शिवराम कारंत यांची ‘मरळि मण्णिगे’ ही १९४१ सालची कादंबरी याच किनाऱ्यावरील एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्यांची कथा सांगते. मातीत राबूनही पोट न भरणे, शहराची ओढ आणि पुन्हा मातीकडे परतण्याची तळमळ यांचे तिच्यातील चित्र ज्याने वाचले असेल, त्याला हॉटेलच्या गल्ल्यामागे बसलेल्या माणसाच्या मनाची थोडी ओळख पटेल.

या स्थलांतरितांपैकी काहींची नावे इतिहासात नोंदली गेली आहेत. कडंदले गावचे के. कृष्णराव हे गरिबीत वाढले, मठाच्या आणि खानावळीच्या स्वयंपाकघरांत पडेल ते काम करीत मद्रासला पोहोचले आणि तेथे स्वतःचे उपाहारगृह चालवू लागले. १९३८ साली रायपेट्टा भागातील ‘वुडलँड्स’ नावाची, रामनाडच्या राजाची वास्तू त्यांनी भाड्याने घेतली आणि त्या घराचेच नाव आपल्या हॉटेलाला दिले. हे इंग्रजी नाव पुढे शाकाहारी दक्षिणी जेवणाचा पर्याय शब्द होऊन बसले. मोटारीत बसूनच खाण्याची सोय असलेले त्यांचे मद्रासमधील उपाहारगृह १९६२ पासून २००८ पर्यंत चालले. बंगळूरला १९२४ साली मैया बंधूंनी लालबागेजवळ ‘ब्राह्मण कॉफी क्लब’ उघडला. तोच पुढे ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ या नावाने प्रसिद्धीस आला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद पडला. त्या टंचाईच्या दिवसांत तांदळाऐवजी रवा घेऊन इडली करण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरात निघाली, असे ही संस्था सांगत आली आहे. बंधूंपैकी यज्ञनारायण मैया १९५१ साली युरोपला गेले, तेथील उपाहारगृहांतील स्वच्छतेने प्रभावित झाले आणि परत येऊन त्यांनी आपल्या स्वयंपाकघराची घडी बदलली. मठाच्या सोवळ्याची जागा येथे आरोग्यशास्त्रातील स्वच्छतेने घेतली. नळाखाली ग्राहकांच्या डोळ्यांसमोर धुतलेली बशी हा एका अर्थी नव्या युगाचा सोवळाच होता.

मुंबईत या व्यवसायाचे केंद्र माटुंगा झाले. रेल्वेचे कारखाने, सरकारी कचेऱ्या आणि विमा कंपन्या यांत नोकरीस आलेले दक्षिणी कारकून याच भागात वसले. ते बहुधा एकटेच येत आणि कुटुंब मागाहून येई, किंवा येतच नसे. १९४२ साली ए. रामा नायक यांनी माटुंगा स्थानकाजवळ ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ सुरू केले, ते याच लोकांसाठी. केळीचे पान, भात, सार, सांबार, एक-दोन भाज्या आणि ताक, अशी तेथील व्यवस्था होती. मुंबईच्या या हॉटेलवाल्यांत शिवळ्ळी ब्राह्मणांच्या जोडीने गौड सारस्वतांचा वाटाही मोठा होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे गोवा सोडून दक्षिणेस कानडा किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांचे हे वंशज. त्यांच्यापैकी पुष्कळ माध्व संप्रदायाचे अनुयायी, आणि त्यांची घरातली बोली कोकणी. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘मद्रासी’ म्हणत आलो, त्या हॉटेलवाल्याचे मूळ कित्येकदा मांडवी-जुवारीच्या काठचे होते.

मुंबईत खानावळी नव्हत्या असे नाही. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका घरोघर होत्या. परंतु खानावळ आणि उडपी हॉटेल यांच्या रचनेतच भेद होता. खानावळीत महिन्याचा हिशेब, ओळखीचा गाववाला, बहुधा एकाच जातीचे वा मुलखाचे लोक आणि उधारीवर टिकणारे नाते असे. ती घराचीच लांबवलेली पडवी होती. उडपी हॉटेलात रोखीचा व्यवहार होता आणि गिऱ्हाईक अनोळखी होते. आत येणाऱ्याला कोणी गाव विचारीत नसे. खानावळीने स्थलांतरिताला त्याचे गाव परत दिले. हॉटेलाने त्याला नगरवासी केले. खानावळ चालविणाऱ्या बायकांच्या कष्टाला संघटनेचे रूप येण्यास मात्र १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी, गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

आता उडप्याच्या स्वस्ताईचे गमक पाहू. तिच्यात जादू नव्हती, हिशेब होता. तीन-चार वाट्या तांदळास एक वाटी उडीद, हे वाटण रात्रभर आंबले की फुगून वर येते. याच एका पातेल्यातून सकाळी इडली, दुपारी डोसा, आणि पीठ आंबट झाले की कांदा-मिरची घालून उत्तप्पा निघतो. पीठ वाया जात नाही. वड्याचे उडीद आणि सांबाराची तुरीची डाळ घाऊक भावाने येते. सांबारात बाजारातील त्या दिवशीची स्वस्त भाजी पडते. पदार्थ मोजके, म्हणून कोठीत माल अडकून पडत नाही. पदार्थ तयार, म्हणून गिऱ्हाईक थांबत नाही. एका मेजावर तासाभरात चार-पाच खेपा होतात, आणि नफा दरात नसून या खेपांत असतो. बसावयास लाकडी खुर्ची, वर पंखा, भिंतीवर आरसा, याहून थाट नाही. सांबार आणि चटणी पुन्हा मागता येते. या एका सवलतीने गरीब गिऱ्हाइकाला मानाने पोट भरता आले, कारण दोन इडल्यांच्या पैशांत त्याला अर्धे जेवण मिळत होते. वाटणाचे काम आरंभी दगडी रगड्यावर हाताने चाले. १९५० नंतर कोइमतूरकडे विजेवर चालणारे रगडे तयार होऊ लागले, आणि या धंद्यातील सर्वांत कष्टाचे काम यंत्राकडे गेले.

परंतु हिशेबाचा आणखी एक रकाना आहे, आणि तो लिहिल्याखेरीज हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. ही स्वस्ताई पोरांच्या श्रमांवरही उभी होती. गावाकडून आलेले दहा-बारा वर्षांचे पोर पहाटे उठून भट्टी पेटवी, दिवसभर मेजे पुशी, कपबश्या विसळी आणि रात्री त्याच मेजांवर अंथरूण टाकून निजे. पगार थोडा, कधी तो परस्पर गावी जाई. जेवण आणि आसरा हेच वेतन, असे मालक मानी. पुष्कळ मालक स्वतः याच वाटेने आलेले असल्यामुळे त्यांना त्यात वावगे दिसत नसे. ‘मीही बशा धुतल्या’ हे वाक्य त्यांच्या अभिमानाचेही होते आणि समर्थनाचेही. या पोरांसाठी मुंबईत कानडी रात्रशाळा निघाल्या. मोगवीर समाजाच्या मंडळींनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात अशी शाळा काढली होती. दिवसा वाढप्याचे काम करून रात्री कंदिलाखाली धडे गिरविणाऱ्या या विद्यार्थ्यांची आठवण शिक्षकवर्गाने तरी विसरू नये. मंगळूरला १९४९ च्या सुमारास तरुण जॉर्ज फर्नांडिस यांनी हॉटेल-कामगारांना संघटित करण्यास प्रारंभ केला. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाने उपाहारगृहातील कामाचे तास आणि सुटी यांना कायद्याची चौकट दिली. तथापि चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेले आणि ढाबे यांत कामास ठेवण्यास देशभर मनाई झाली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. चहाची बशी स्वस्त मिळाली तेव्हा तिची उरलेली किंमत कोणी भरली, याचे उत्तर या तारखेत आहे.

आता पंक्तीच्या प्रश्नाकडे वळू. उडपी हॉटेलाने जातिभेद मोडला, असे एक गोड विधान केले जाते. ते पूर्ण सत्य नाही. आरंभीच्या दक्षिणी उपाहारगृहांत ब्राह्मणांसाठी बसण्याची वेगळी जागा असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना तर आत पाऊलही टाकता येत नसे, आणि बाहेर उभे राहून वेगळ्या पेल्यात चहा घेणे त्यांच्या वाट्याला येई. ‘ब्राह्मण हॉटेल’ ही पाटी जशी ग्राहकाला शुद्धतेची ग्वाही देई, तशीच ती दुसऱ्या कोणाला तरी त्याचे स्थानही दाखवून देई. १९५७ साली मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागातील एका हॉटेलाच्या पाटीवरील ‘ब्राह्मण’ हा शब्द काढावा म्हणून पेरियार रामस्वामी यांच्या अनुयायांनी महिनोन्‌महिने सत्याग्रह केला, शेकडोंनी अटक करून घेतली, आणि अखेर तो शब्द पाटीवरून गेला. त्याआधी २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांत प्रवेश करण्याच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून भेद करण्यास बंदी घातली होती. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली होती आणि १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने अशा भेदाला शिक्षा ठरविली होती. घटनाकारांना देवळे आणि विहिरी यांच्या बरोबरीने उपाहारगृहाचे नाव घटनेत घालावेसे वाटले, यावरूनच त्या जागेचे महत्त्व कळते.

तेव्हा हॉटेलाने स्वतःहून भेद मोडला नाही, हे खरे. पण भेद मोडणाऱ्या कायद्याला आणि चळवळीला हॉटेल जितके लवकर वश झाले, तितके देऊळ झाले नाही, हेही खरे. उडुपीच्या कृष्णमंदिरात भिंतीतील एक झरोका दाखविला जातो. सोळाव्या शतकातील धनगर कुळातील संत कनकदास यांना आत प्रवेश मिळेना, तेव्हा देवाने भिंतीकडे तोंड फिरवून त्या फटीतून त्यांना दर्शन दिले, अशी आख्यायिका आहे. आपला चोखामेळाही पंढरीच्या महाद्वाराबाहेरच राहिला, आणि ते महाद्वार दलितांसाठी उघडण्यास १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. नादब्रह्म आणि अन्नब्रह्म या दोन्ही क्षेत्रांची ही एकच व्यथा आहे. उडुपीच्या मठातील ब्राह्मणांच्या वेगळ्या पंक्तीविरुद्ध तर एकविसाव्या शतकातही आंदोलने झाली. म्हणजे ज्या मठाच्या नावावर हॉटेल चालले, त्या मठाच्या भोजनशाळेत जे घडावयास इतका काळ लागला, ते हॉटेलाच्या मेजावर कितीतरी आधी घडून गेले होते. कारण उघड आहे. पंक्तीला यजमान असतो, आणि कोणाला कोठे बसवावयाचे ते तो ठरवितो. मेजाला यजमान नसतो. रिकामी खुर्ची दिसली की माणूस बसतो, शेजारी कोण आहे ते पाहून उठण्याइतका वेळ त्याला नसतो, आणि नाण्यावर जात लिहिलेली नसते. व्यापार हा समतेचा पुरस्कर्ता नव्हे. परंतु विषमता खर्चाची होऊ लागली की तो तिला फार काळ पोसत नाही.

गल्ल्यामागचा माणूसही पालटत गेला. १९७४ मध्ये कर्नाटकात कुळकायद्याची कठोर अंमलबजावणी सुरू झाली, आणि किनाऱ्यावरील जमीनदार बंट समाजातील अनेक कुटुंबांच्या जमिनी कुळांकडे गेल्या. या समाजातील लोक त्यापूर्वीही मुंबईच्या हॉटेल धंद्यात होते. आता त्यांची संख्या वाढली. घरी मासे खाणारा शेट्टी गल्ल्यावर बसून शुद्ध शाकाहारी ‘उडपी’ पाटीखाली इडली विकू लागला, आणि ती इडली कोणालाही अशुद्ध वाटली नाही. ज्या शब्दाच्या आधारावर हा व्यवसाय उभा राहिला, त्या शब्दातून आचाऱ्याची जात अशी नकळत गळून पडली. मागे राहिली ती केवळ चव. बंगळूरला १९८० नंतरच्या दशकात ‘दर्शिनी’ या नावाने उभ्या उभ्या खाण्याची उपाहारगृहे निघाली. तेथे खुर्चीही गेली, आणि स्वयंपाकघर काचेआड सर्वांना दिसू लागले. सोवळ्यातील स्वयंपाकघरावर परक्याची दृष्टी पडू नये, असा एक काळ होता. परक्याच्या दृष्टीनेच ते शुद्ध ठरावे, असा दुसरा काळ आला.

मध्य भारतातील मराठी मंडळींना या कथेचे दुसरे एक रूप परिचित आहे. कॉफी मंडळाने आपली ‘इंडिया कॉफी हाउसे’ बंद करण्याचे ठरविले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने तेथील कामगारांनी १९५७-५८ मध्ये स्वतःच्या सहकारी संस्था स्थापन केल्या. त्यांपैकी जबलपूरच्या संस्थेने मध्य प्रदेशात ठिकठिकाणी कॉफीगृहे उघडली. उडपी हॉटेलात मालक गल्ल्यावर बसतो, तर येथे वाढणाराच संस्थेचा भागीदार असतो. स्वस्त अन्न देण्यासाठी कोणाला तरी नाडावेच लागते असे नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

शेवटी भाषेच्या कलहाविषयी दोन शब्द. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, आणि सीमाभागातील मराठी माणसाच्या मनात जी सल राहिली ती येथे उगाळण्याचे कारण नाही. वाचकांना ती ठाऊक आहे. तिकडे मुंबईत १९६६ साली शिवसेना स्थापन झाली, आणि पहिल्या काही वर्षांत दक्षिणेकडून आलेल्यांविरुद्ध जी मोहीम चालली तिच्यात उडपी हॉटेलांच्या काचा फुटल्या. मराठी तरुणाला नोकरी मिळत नाही, ही त्या रागामागची व्यथा खोटी नव्हती. पण तिचा दगड बहुधा त्या माणसावर पडला, जो मराठी तरुणाइतकाच नापिकीने आणि गरिबीने घरातून हाकलला गेला होता, आणि ज्याने याच तरुणाला अनेक महिनाअखेरी स्वस्तात जेवू घातले होते. आपण सीमाभागात आणि परप्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या अल्पसंख्य म्हणून राहिलेली माणसे आहोत. दुसऱ्याच्या मुलखात आपले दुकान, आपली शाळा आणि आपली पाटी टिकविण्याचे दुःख आपल्याला जितके कळते तितके इतरांना कळणार नाही. बेळगावात मराठी पाटीला जो न्याय आपण मागतो, तोच माटुंग्यातील कानडी पाटीला देणे आपल्याला भाग आहे.

भाषेने मात्र आपला निवाडा केव्हाच देऊन टाकला आहे. सांबार, उत्तप्पा, रस्सम हे शब्द मराठीने बिनबोभाट घेतले. ‘राईसप्लेट’ हा तर आपल्या व्यवहारातील इतका रुळलेला शब्द की त्याला परका म्हणावयास जीभ धजत नाही. विदर्भात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर, म्हणून तिकडच्या पाहुण्याची पुण्या-मुंबईच्या हॉटेलात होणारी फजिती हा घरोघरचा विनोद आहे. चालुक्य राजाने एका ग्रंथात मराठी गीत आणि इडरिका शेजारी ठेवली, त्याला आता नऊशे वर्षे होत आली. मधल्या काळात राज्ये बदलली, सीमा सरकल्या, पंक्ती मांडल्या गेल्या आणि मोडल्या. मोडलेल्या पंक्तींच्या जागी मेज आले, हा आपल्या सामाजिक इतिहासातील लहान दिसणारा, पण फार दूरवर पोहोचलेला पालट होय. तो कोणा एका महापुरुषाने घडविला नाही. मठातून शिकून निघालेले आचारी, मुलूख सोडून आलेले कारकून, पाटीवरचा एक शब्द पुसण्यासाठी तुरुंगात गेलेले अनामिक आणि रात्रशाळेत पेंगत अक्षरे गिरविणारी पोरे, या सर्वांनी मिळून तो घडविला. अन्नब्रह्माची उपासना त्यांपैकी कोणाच्या मनात असेल वा नसेल, पण त्या ब्रह्माला सर्वांसाठी समान मेज त्यांच्याच हातांनी मांडले गेले.